थंड इंजिनाची परीक्षा

आठव्यांदा दोरी ओढली तेव्हा मशीन नुसतं खोकलं आणि पुन्हा गप्प बसलं. थोरल्याने चोक थोडा मागे घेतला, पेट्रोलचा रबरी फुगा अंगठ्याने दोनदा दाबला, डाव्या हाताने मशीन बाकावर रेटून धरलं आणि नवव्यांदा ओढली. या वेळी इंजिनाने पेट घेतला. निळसर धूर सुटला, नळीच्या तोंडातून निघालेल्या वाऱ्याने समोरच्या फळीवरची रिकामी खोकी उडाली आणि मागच्या दाराशी भाजी निवडत बसलेल्या बायकोच्या पुढ्यातली पालेभाजीही उडाली.

"झालं की सुरू!" पानं गोळा करत ती ओरडली.

त्याने बटण बंद केलं. "नऊ ओढीत. नऊ हाका मारल्या तर मेलेलाही उठून बसेल."

"म्हणजे भावोजी म्हणतात ते खरंच आहे तर."

"तो खोटं कशाला सांगेल?"

मशीन धाकट्याच्या कामावरचं होतं. एका मोठ्या इस्पितळाच्या आवारात तो आठ वर्षं बागकामाला होता, आणि पानगळ सुरू झाली की रोज सकाळी हातात हे ब्लोअर धरून रस्त्यांवरची पानं एका बाजूला लोटत न्यायची हे त्याचं मुख्य काम. दोन महिन्यांत मशीन तिसऱ्यांदा दुरुस्तीला आलं होतं. पहिल्या वेळी थोरल्याने प्लग बदलला. दुसऱ्या वेळी कार्बोरेटर उघडून आतला पडदा नवा टाकला, पेट्रोलच्या नळ्या बदलल्या. दोन्ही वेळा मशीन दुकानातून मुकाट गेलं आणि पंधरा-वीस दिवसांत धाकटा ते काखोटीला मारून पुन्हा दारात हजर. "दादा, सुरूच होत नाही रे."

या खेपेला मुकादमाने त्याला सरळ सांगितलं होतं. सोमवारी सकाळी मशीन वेळेवर सुरू झालं नाही तर माणूस बदलायचा. मशीन बदलायला वरून मंजुरी लागते, माणूस बदलायला लागत नाही. आज शनिवार होता. थोरल्याने बाकीची कामं बाजूला सारली, बाकावर जुनं फडकं अंथरलं आणि मशीनचे स्क्रू सोडायला घेतले. भावाची नोकरी आपल्या हातात आहे असं त्याला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या जबाबदारीने तो थोडा खूशही होता. धाकटा पन्नाशीकडे झुकला तरी थोरल्याच्या लेखी तो अजून सायकलची साखळी निसटली म्हणून रडत येणाराच होता.

त्याने टाकी रिकामी केली, पेट्रोलचा वास घेतला. ताजं होतं. ऑइलचं प्रमाण बरोबर. हवेचा फिल्टर आधीच धुतलेला. प्लग काढला; टोकाला हवा तसा विटकरी रंग. तो इंजिनाच्या अंगाला टेकवून त्याने दोरी ओढली. ठिणगी दिसली नाही. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा दात आवळून झटका दिला तेव्हा कुठे जाडजूड निळी ठिणगी पडली. ठिणगी उत्तम होती. आधी दोनदा का पडली नाही याचा दोष त्याने दुकानातल्या उजेडाला दिला. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून बघितलं तर आतली हवा अंगठा उडवून लावत होती. म्हणजे पिस्टन धडधाकट. कार्बोरेटरचा पडदा मऊ, नळ्या नव्या, टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक मोकळं.

"मशीनच जड आहे मुळात," तो म्हणाला. "हल्ली सगळीच जड येतात. परवाचं ते गवत कापायचं, त्याच्या आधीची करवत. पेट्रोलच पाणचट झालंय."

"नाचता येईना अंगण वाकडं," बायको भाजीतून मान वर न करता म्हणाली.

"तू नाच मग."

"मला कुठे येतंय? मी आपली अंगणातली."

तो हसला. शेवटी सायलेन्सर उघडला तेव्हा आतल्या जाळीवर काजळी धरलेली दिसली. फार नव्हती, पण चोर हाती लागल्याचा आनंद व्हायला पुरेशी होती. त्याने जाळी तापवून, ब्रशने घासून लख्ख केली. मशीन जोडलं. दोरी ओढली. सहाव्या ओढीत सुरू झालं. नवावरून सहावर आलो, म्हणजे वाट बरोबर आहे, अशी त्याने स्वतःची समजूत काढली आणि हात पुसून बाकाला टेकून बसला. खांद्यात कळ येत होती.

दुकान अण्णांचं, म्हणजे त्यांच्या वडिलांचं. अण्णांचे दोन नियम होते आणि ते त्यांनी कोणासाठी वाकवले नाहीत. पहिला, परीक्षा थंड इंजिनाची. गरम इंजिन म्हणजे पेटलेली चूल, फुंकर मारली तरी भडकते. ते सुरू झालं यात ना मशीनचं कौतुक ना मिस्त्रीचं. दुसरा, गिऱ्हाइकाने स्वतः दोरी ओढून सुरू केल्याशिवाय मशीन दुकानाबाहेर जाऊ द्यायचं नाही. निम्मी मशिनं बिघडलेली नसतातच, अण्णा म्हणायचे, माणसं चोक उलटा लावतात आणि आपल्याला शिव्या देतात. समोर ओढायला लावलं की माणसाची चूक माणसाच्या पदरात पडते.

त्याच अण्णांनी थोरला वीस वर्षांचा असताना एकाएकी दोरी ओढणं सोडून दिलं होतं. "ओढ रे, शीक," असं म्हणायचे आणि खुर्चीवर बसून बघायचे. दोघे भाऊ हरखून गेले, बाप आपल्याला तयार करतोय म्हणून. वर्षभराने अण्णांच्या हातातून चहाचा कप पडला तेव्हा घराला कळलं, की ते शिकवत नव्हते, लपवत होते. आधी मुठीतला जोर गेला, मग हात, मग पाय, आणि शेवटी घास गिळायचा. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात. हे मुंगीच्या पावलांनी आलं आणि चार वर्षं मुक्काम करून माणूस घेऊनच गेलं. त्याचं नाव घरात कोणी घेत नसे. "अण्णांचं ते" एवढंच म्हणायचे.

धाकट्याच्या बाबतीत थोरल्याने अण्णांचे दोन्ही नियम मोडले होते. तो यायच्या आधी मशीन चांगलं पाच-दहा मिनिटं पळवून गरम करून ठेवायचं, म्हणजे दमून आलेल्या भावाला त्रास नको. आणि धाकटा म्हणायचा, "तू ओढ ना दादा," तेव्हा तोच ओढायचा. घरच्या माणसाला कसले नियम? मग चहा व्हायचा, आणि धाकटा मशीन घेऊन जायचा.

त्या दिवशीही त्याने तेच केलं. साडेपाचला धाकटा आला तेव्हा मशीन नुकतंच बंद केलेलं होतं आणि इंजिनाला हात लावता येत नव्हता इतकं ते तापलेलं होतं. बायको बाजारात गेली होती. धाकट्याच्या कॉलरवर वाळक्या पानाचा तुकडा अडकला होता आणि उजवा हात खिशात होता.

"काय म्हणतोय पेशंट?"

"ठणठणीत. सायलेन्सरची जाळी तुंबली होती."

"सापडला म्हणजे चोर."

"बहुतेक."

"मग ओढ बघू."

थोरल्याने ओढली. पहिल्या ओढीत मशीन सुरू झालं. धाकटा टक लावून बघत होता. बंद केल्यावर म्हणाला, "परत एकदा." दुसऱ्यांदाही पहिल्याच ओढीत. "आता डाव्या हाताने."

"डाव्याने कशाला?"

"ओढ ना. गंमत."

थोरल्याने डाव्या हाताने ओढली. मशीन सुरू झालं आणि धाकटा मोठ्याने हसला. गेल्या दोन महिन्यांत तो असा हसला नव्हता. "दोन्ही हातांनी पास!" तो म्हणाला.

थोरल्याला ते हसणं आवडलं, पण त्याच वेळी मनात काहीतरी खटकलं. तीन खेपा झाल्या. एकदाही याने स्वतः दोरीला हात लावला नव्हता. तू ओढ, दादा. ओढ रे, शीक. त्याने मशीन बाकावरून उचललं आणि भावासमोर धरलं.

"आता तू."

"मी कशाला? मी काय गिऱ्हाईक आहे?"

"दुकानाचा नियम आहे."

"आज बरा आठवला नियम."

"ओढ."

धाकट्याने थोरल्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्याने उजवा हात खिशातून काढला. दोरीच्या मुठीला चार बोटं लावली आणि ओढली. दोरी वीतभर आली आणि बोटांतून निसटून सटकन आत गेली. थोरला नकळत म्हणाला, "हळू ओढलीस तर करंटच तयार होत नाही. झटका पाहिजे." धाकट्याने पुन्हा ओढली. पुन्हा निसटली. तिसऱ्या वेळी त्याने मशीन पायाखाली धरलं आणि दोन्ही हात लावले. इंजिन अर्धं फिरलं आणि थांबलं. तापलेलं इंजिन, नुसत्या फुंकरीवर पेटणारं, आणि तेही याच्याच्याने पेटेना.

थोरल्याने त्याचा हात हातात घेतला. अंगठा आणि तर्जनीच्या मधलं मांस झडून तिथे खळगा पडला होता. तो खळगा त्याने पूर्वी बघितला होता. चार वर्षं रोज सकाळी अण्णांचा तसाच हात त्याने धुतला होता.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"पहिल्यांदा मशीन आणलं ना, तेव्हापासून. तेव्हा शप्पथ मला वाटलं, मशीनच बिघडलंय." धाकटा स्टुलावर बसला. "मग तिथलाच एक डॉक्टर. रोज सकाळी माझ्या झाडाखाली गाडी लावतो. चार दिवस बघत होता मला ओढताना. पाचव्या दिवशी म्हणाला, मशीन राहू दे, तू आत ये."

"आणि?"

"सुया टोचल्या, वायरी लावल्या. वडिलांचं विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, तेच आहे."

थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पुसलंही नाही. धाकट्याने त्याच्याकडे न बघता कॉलरवरचं पान काढून हातात चुरगळलं, म्हणजे चुरगळायचा प्रयत्न केला.

"सांगितलं का नाहीस?"

"आपल्यात कोण सांगतं? अण्णांनी सांगितलं होतं?"

"पण मग मशीन कशाला आणत राहिलास? मी वेड्यासारखा पडदे बदलतोय, नळ्या बदलतोय! रोग माणसाला आणि औषध मशीनला!"

धाकटा म्हणाला, "डॉक्टर म्हणाला, सख्खा भाऊ असेल तर त्यालाही घेऊन ये. एकाला आलं म्हणजे दुसऱ्यालाही असू शकतं. माझी जीभच उचलेना, दादा. तुला काय सांगू, की चल, तुलाही सुया टोचून घे? मग म्हटलं, आधी बघू तर खरं. मशीन न्यायचं आणि तुला ओढताना बघायचं."

दुकानाबाहेरून कोणीतरी शिट्टी वाजवत गेलं.

"दोन्ही खेपांना तू एका ओढीत सुरू केलंस. आज तर डाव्यानेही." धाकट्याचा आवाज जड झाला होता, पण चेहऱ्यावर हसू होतं. "मला झोप नव्हती रे. माझं काय, मी एकटा गडी. तुझ्यामागे वहिनी आहेत, पोर आहे. तुला नाही म्हणजे पोरीचाही घोर नाही, असं डॉक्टर म्हणाला. आज शांत झोपेन बघ."

थोरल्याचा हात मशीनवर होता. इंजिनाची धग त्याच्या बोटांना लागत होती आणि तो हात काढून घेत नव्हता. थंड होतं तेव्हा सकाळी नऊ ओढी लागल्या होत्या. पण ते मशीन जड होतं म्हणून. जाळी तुंबली होती म्हणून.

"सोमवारी मीच मुकादमाला सांगतो," धाकटा उठत म्हणाला. "त्याने काढण्यापेक्षा आपण निघालेलं बरं. मशीन तेवढं तू पोचव. उगाच त्याचं नाव खराब झालं बिचाऱ्याचं. काही नाही झालेलं त्याला. गेटवरचा वॉचमन सकाळपाळीला असला की देतो ना मला सुरू करून. एका ओढीत."

"गरम असताना?"

"सकाळी सातला गरम कुठून असणार? थंडगार असतं."

थोरल्याने मान हलवली. धाकट्याने डाव्या हाताने त्याचा खांदा थोपटला आणि तो गेला. त्याची चाल हलकी होती, ओझं उतरवून ठेवलेल्या माणसासारखी.

थोरला तिथेच उभा राहिला. आधी भावाचं दुःख व्हायला हवं होतं. ते झालंही, छातीत मावेना इतकं झालं. पण त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी आत शिरलं आणि भावाला कोपऱ्यात ढकलून मध्यभागी येऊन बसलं. त्याला स्वतःची लाज वाटली. वॉचमन म्हणजे पैलवान गडी असणार, त्याने मनाशी म्हटलं. पंचविशीतला असणार. त्याच्या आणि आपल्या ओढीची बरोबरी कशी होईल? बायको बाजारातून आली, तिने भावोजी आले होते का विचारलं. तो हो म्हणाला, आणि बाकावरची हत्यारं आवरायला लागला.

रविवारी दुकान बंद असे. सकाळी त्याने शटर कमरेइतकं वर केलं, वाकून आत शिरला आणि दिवा लावला. मशीन बाकावर होतं. त्याने इंजिनाला पालथा हात लावून बघितला. थंड. टाकीत पेट्रोल होतं, चोक बरोबर लावला, फुगा सात वेळा दाबला. कुठेही चूक ठेवायची नव्हती. मग ओढली. एक. दोन. तीन. पाचव्या ओढीला त्याने मशीन जमिनीवर ठेवून त्यावर गुडघा टेकला. अकराव्या ओढीला मूठ हातातून निसटली आणि दोरी फटकन आत गेली. तो जमिनीवरच बसून राहिला. श्वास लागला होता. बोटं वाकलेली तशीच होती, सरळ व्हायला वेळ घेत होती, आणि आता त्याला आठवायला लागलं की हे बरेच दिवस असंच होतंय. करवतीच्या वेळीही झालं होतं. बरणीचं झाकण उघडायला तो हल्ली फडकं घ्यायचा.

"सुट्टीच्या दिवशी काय हे?" बायको मागच्या दाराने आत आली. हातात चहाचा कप होता. "नाश्ता केला नाहीत, काही नाही."

त्याने तिच्याकडे बघितलं. तीस वर्षं ती या दुकानाच्या मागच्या दारात बसत होती आणि आजवर तिने एकही दोरी ओढली नव्हती. किडकिडीत बाई. पाण्याची बादली दोन हातांनी उचलणारी.

"इकडे ये," तो म्हणाला. "ही ओढून बघ."

"मी?" ती हसायला लागली. "आता म्हातारपणी मला मिस्त्री करताय?"

"ओढ तर."

"आणि काही मोडलं म्हणजे? आयुष्यभर ऐकवाल."

"नाही मोडत. चोक असाच राहू दे. आधी अडेपर्यंत सावकाश ओढायची, मग एकदम झटका."

तिने कप फळीवर ठेवला, मशीनसमोर उकिडवी बसली आणि तो दाखवत होता तशी मूठ धरली. पहिली ओढ वाकडी गेली. इंजिन फुस्स झालं. "बघा," ती म्हणाली, "सांगितलं होतं." तरी तिने पुन्हा धरली, ओठ दातांखाली दाबला आणि झटका दिला.

मशीन सुरू झालं. एकदम, स्वच्छ आवाजात, कुठेही न अडखळता. ती दचकून मागे सरकली आणि मग टाळ्या पिटायला लागली. तिच्या गालांवर लाली चढली होती. "अहो, झालं! मी केलं!" आवाजावर आवाज चढवून ती ओरडली. "तुमच्या दोघा भावांपेक्षा मीच बरी!"

त्याने चोक उघडला. इंजिन आणखी छान चालू लागलं. त्यात काहीही दोष नव्हता. त्याच्या हातून गेलेलं इतकं निर्दोष मशीन त्याला आठवत नव्हतं.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. धाकटा होता.

"दादा, एक विचारायचं राहिलं." त्याचा आवाज बसलेला होता. "काल तू विचारलंस ना, गरम असताना का म्हणून. रात्रभर डोक्यात तेच. काल मशीन गरम होतं का रे? आधीच्या दोन्ही वेळेलाही..." तो थांबला. "हा आवाज कसला? सुरू आहे का?"

"हो."

"आत्ता लावलंस? थंड होतं?"

"थंडच होतं. रात्रभर बाकावर होतं."

"कितव्या ओढीत?"

"दुसऱ्या."

"तूच ओढलंस ना?"

बायको अजून जमिनीवर बसलेली होती, हसऱ्या तोंडाने त्याच्याकडे वर बघत, शाबासकीची वाट बघत.

"मग आणखी कोण ओढणार?" थोरला म्हणाला.

पलीकडे धाकट्याने नाक ओढलं. "वहिनींना सांग, दुपारी जेवायला येतो," तो म्हणाला. "त्यांनाही माझं तेव्हाच सांगू. तू सोबत बस फक्त."

"ये."

त्याने फोन खिशात ठेवला. बायकोने वाकून मशीनचं बटण शोधलं आणि ते बंद केलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अर्धं राहिलं होतं.

"तुम्ही ओढलं असं का सांगितलंत?"

तो तिच्यासमोर खाली बसला. बाहेर शटरखालून उन्हाची पट्टी आत आली होती आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसत होते. त्याने उजवा हात पुढे केला.

"दोन बोटं दे तुझी."

तिने पेट्रोलचा वास लागलेला हात पुसला आणि दोन बोटं त्याच्या तळव्यावर ठेवली. त्याने मूठ मिटली.

"आता मी आवळतो. किती लागतंय ते खरं सांग. माझ्यासाठी म्हणून खोटं बोलू नकोस."

ती त्याच्या मुठीकडे बघत राहिली, मग त्याच्या तोंडाकडे. त्याच्या मानेची शीर फुगली होती.

"आवळा ना," ती म्हणाली.

तो केव्हाचा जोर लावून बसला होता.